सातपुड्यात आलेला हिमालयी तहर

तरुण खेळाडूंसाठी २०२२ पासून भरवल्या जाणाऱ्या युवा कबड्डी सिरीज या स्पर्धेची महाराष्ट्रातील आंतरजिल्हा आवृत्ती २०२४ मध्ये झाली, आणि तीत नंदुरबार जिल्ह्याचा संघ ‘नंदुरबार हिमालयन तहर्स’ या नावाने मैदानात उतरला. तहर म्हणजे हिमालयाच्या उभ्या कड्यांवर चरणारी, नराला दाट आयाळ असलेली रानशेळी. नंदुरबारच्या कोणत्याही डोंगरात ती कधी दिसलेली नाही आणि दिसण्याची शक्यताही नाही. हा प्रकार एकट्या नंदुरबारच्या वाट्याला आला असेही नाही, कारण त्याच स्पर्धेत कोल्हापूरचा संघ ‘ताडोबा टायगर्स’ होता, म्हणजे पंचगंगेच्या काठाला चंद्रपूरच्या जंगलातला वाघ मिळाला होता. रत्नागिरीच्या वाट्याला अरवली पर्वत आला होता आणि अहमदनगरला केरळातले पेरियार. देशभरातल्या पर्वतांची, अभयारण्यांची आणि जुन्या राजवटींची ही नावे सिरीजच्या आधीच्या आवृत्त्यांतही वापरलेली होती. महाराष्ट्रातले जिल्हे खेळायला आले तेव्हा ती त्यांच्या नावांपुढे जोडली गेली. नाव आधी तयार आणि ते धारण करणारा मागाहून, असा हा उलटा क्रम होता.

व्यावसायिक लीगच्या युगात हा क्रम नवा राहिलेला नाही. फ्रँचायझी, म्हणजे लीगकडून ठरावीक शहराच्या नावाने संघ चालवण्याचा विकत घेतलेला हक्क, जिथे पाया असतो तिथे नाव हा विक्रीच्या मालाचा भाग होतो आणि त्याची पहिली कसोटी इंग्रजी अनुप्रासाची असते. समुद्रापासून दूर असलेल्या पाटण्याच्या कबड्डी संघाला ‘पायरेट्स’, म्हणजे समुद्री चाचे, मिळाले ते केवळ दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर जुळते म्हणून असावे, असे मानायला जागा आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीग ही राज्याची क्रिकेट स्पर्धा २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या सहा संघांत टायटन्स, टस्कर्स, जेट्स, किंग्स आणि रॉयल्स होते. मराठी कानाला आपला वाटेल असा ‘पुणेरी बाप्पा’ एकटाच होता, आणि या सहांत नंदुरबार ज्यात येते त्या खानदेशातला एकही संघ नव्हता. तरीही या नावांची केवळ थट्टा करून थांबणे न्याय्य ठरणार नाही. पाटण्याच्या संघाने प्रो कबड्डीची सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि त्यानंतर त्या चाच्यांना समुद्र कुठे आहे, हे विचारण्याचे कोणाला कारण उरले नाही. नाव खेळाने भरत जाते, ही गोष्ट खरी आहे. आणि नंदुरबारच्या मुलांनी दहा वर्षे जिंकून दाखवले असते तर कदाचित जिल्ह्यातल्या शहाद्याच्या गल्लीत पोरे स्वतःला तहर म्हणवून घेऊ लागली असती. प्रश्न एवढाच राहतो की ज्या जिल्ह्याकडे द्यायला स्वतःची इतकी नावे आहेत, त्याने परके रिकामे नाव खेळाने भरत बसण्याचा खटाटोप का करावा.

महाराष्ट्रातील खेळाच्या संस्थांनी पूर्वी नावे वेगळ्या रीतीने घेतली. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा, आणि अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. एकाने नावात पठार घेतले, दुसऱ्याने आखाड्यातला देव घेतला, आणि दोहोंनी सोबत आपले काम सांगितले. मुंबईच्या कबड्डीतली मंडळे आणि क्लब बहुतेक वेळा आपल्या आकांक्षेचे किंवा आदर्शाचे नाव धारण करीत, गावाचे नाव लावण्याची त्यांना गरज वाटत नसे, कारण मैदान, चाळ आणि मंडळ एकाच हाकेच्या अंतरावर होते. राजघराण्याचे नाव लावलेला होळकर संघ कर्नल सी. के. नायडूंच्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि १९५५ नंतर ते नाव स्पर्धेतून नाहीसे झाले, कारण ज्या सत्तेच्या आश्रयाने ते उभे होते ती सत्ताच उरली नव्हती. आणि नावाने किती नुकसान करता येते याचा धडाही मुंबईनेच दिला आहे. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपीय आणि ‘उरलेले’ अशा नावांचे पाच संघ ज्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत खेळत, त्या सामन्यांना गांधीजींनी १९४० मध्ये विरोध दर्शवला, आणि ती स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद पडली. ‘उरलेले’ या शब्दाच्या छायेत खेळणाऱ्या माणसांना आपण नेमके कोण आहोत हे कसे वाटत असेल, याचा विचार त्या काळच्या फार थोड्या लोकांनी केला.

नंदुरबारच्या संदर्भात हा विचार टाळता येत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. त्याआधी तो पश्चिम खानदेशाचा भाग होता, आणि पश्चिम खानदेश हे नावही १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे दोन तुकडे केले तेव्हाचे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पण ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली येणारे भिल, पावरा, मावची, तडवी, कोकणी आणि धानका हे समाज आपल्या बोली, लग्नाच्या रीती आणि देव यांबाबत एकमेकांपासून वेगळे आहेत. त्यांच्याशेजारी तापीच्या सपाटीवर गुजर शेतकरी आहेत, अहिराणी बोलणारी गावे आहेत, शहरात गुजराती आणि मारवाडी व्यापारी आहेत आणि जुनी मुसलमान वस्ती आहे. अक्कलकुव्याच्या डोंगरातला मुलगा आणि नंदुरबारच्या बाजारपेठेतला मुलगा एकाच संघात खेळतो तेव्हा दोघांच्या छातीवर बसेल असे नाव शोधणे, हे प्रशासनाने जिल्हा तयार करण्यापेक्षा अवघड काम आहे.

सर्वांत आधी हाताशी येते ते भिलांचे नाव आणि त्यांचा तीरकामठा, म्हणजे धनुष्यबाण. या नावाला मात्र एक जुना डाग आहे, तो असा की खानदेशात भिलांच्या नावाने उभा राहिलेला पहिला संघटित चमू भिलांनी उभा केलेला नव्हता. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगाव येथे ‘खानदेश भिल कोअर’ हे दल उभारले, ते बंडखोर भिलांना काबूत आणण्यासाठी भिलांचीच भरती करणारे दल होते. पुढे १८५७ च्या उठावात सेंधवा घाटाची राखण करणारा भिल नायक खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. एकाच नावाखाली इंग्रजांची चाकरीही आहे आणि इंग्रजांशी लढाईही आहे, आणि जमातीचे नाव संघाला देताना यांतले कोणते अंगावर घेतले जाते, हे नाव देणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

तीरकामठ्यामागोमाग एकलव्य येतो. खो-खोच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला दिला जाणारा पुरस्कार एकलव्याच्या नावाचा आहे, केंद्र सरकारच्या आदिवासी निवासी शाळा एकलव्याच्या नावाच्या आहेत, आणि सातपुड्यातल्या तरुण मंडळांनाही ते नाव जवळचे वाटते. या नावातली अडचण सांगायला फार पांडित्य लागत नाही. ज्याने गुरू न मिळता विद्या मिळवली त्याचा तो गौरव आहे. पण ज्या कथेत कौशल्य सिद्ध झाल्याबरोबर अंगठा मागितला जातो, ती कथा खेळाडूच्या छातीवर लावताना तो गौरव कोणाचा आणि ती मागणी कोणाची, हा प्रश्न आदिवासी समाजातले विचारी लोक गेली अनेक वर्षे विचारीत आले आहेत. सरकारी शाळेला एकलव्य नाव देणे आणि डोंगरातल्या पोरांनी स्वतःहून ते घेणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीत सांत्वन आहे, दुसरीत दावा आहे.

हाच भेद परक्या वाटणाऱ्या दुसऱ्या एका नावाने अधिक स्पष्ट होतो. ‘उलगुलान’, म्हणजे उठाव, हा शब्द बिरसा मुंडा यांच्या झारखंडातल्या लढ्याचा आहे. भाषेने तो मुंडारी आहे आणि अंतराने नंदुरबारपासून तोही दूर आहे. तरीही ९ ऑगस्टला, जो क्रांतिदिन आहे आणि जागतिक आदिवासी दिनही, निघणाऱ्या मिरवणुकांत बिरसांचा फोटो आणि हा शब्द दोन्ही असतात, आणि त्यांना कोणी हिमालयन तहर म्हणणार नाही. तो शब्द इथल्या माणसांनी स्वतः उचलून आणला, कोणी त्यांच्या नावापुढे चिकटवला नाही. परकेपण अंतराने ठरत नाही, आणि म्हणूनच मातीतले नाव हवे असा आग्रह धरणाऱ्यांनीही थोडे सबुरीने घ्यावे.

उलट दिशेचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. तापीच्या काठी शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिथला घोडेबाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना आणि शौकिनांना ओढून आणतो. ही यात्रा जुनी, नामांकित आणि पूर्णपणे इथली आहे. पर्यटनवाढीच्या उत्साहात तिला जोडून जो महोत्सव सुरू झाला त्याचे नाव ‘चेतक फेस्टिव्हल’ ठेवले गेले. चेतक हा मेवाडच्या महाराणा प्रतापांचा घोडा. शौर्याबद्दल त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, पण सारंगखेड्याच्या बाजारात शतकानुशतके घोडे विकले गेले ते काही त्याच्या नावावर नव्हे. घोडा हे संघासाठी उत्तम चिन्ह आहे आणि सारंगखेडा हे उत्तम नाव आहे, आणि दोन्हींच्या मधोमध राजस्थान येऊन उभे राहिले आहे. नंदुरबारच्या मिरचीबाबत तरी असे काही घडलेले नाही. हंगामात शहराभोवती लाल मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात, म्हणजे वाळवण्यासाठी उघड्यावर पसरलेले मिरचीचे थर, आणि वाऱ्याची झुळूक आली की बाहेरून आलेला माणूस ठसकतो. प्रतिस्पर्ध्याला असाच ठसका लागावा, या हेतूने एखाद्या क्रिकेट संघाने मिरचीचे नाव घेतले तर ते गंमतीचे आणि खरे दोन्ही होईल, फक्त पथारीवर दिवसभर राबणाऱ्या मजूर बायांना त्या गमतीत वाटा मिळावा.

देवतांच्या आणि विधींच्या नावांकडे वळताना सावधपणा लागतो. सातपुड्यातल्या आदिवासींची याहामोगी, म्हणजे मोगी आई, ही धान्याची आणि पोषणाची देवी. तिचे देवमोगरा हे स्थान आज गुजरातच्या हद्दीत असले तरी महाशिवरात्रीला नंदुरबारची माणसे तिकडे चालत जातात आणि राज्याची सीमा त्यांच्या पायांना कळत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या जुन्या संस्थानच्या गावी राजवाडी होळी पेटते, ती पहाटे. तिच्यासाठी लांबच लांब बांबूचा दांडा आणला जातो, आणि तिच्याभोवती नाचणारे बुध्या आणि बावा मोरपिसांचे टोप घालून, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरे बांधून येतात. त्यांच्या समूहाला गेर म्हणतात. या नर्तकांनी होळीपूर्वी काही दिवस पालनी केलेली असते, म्हणजे खाटेवर न झोपणे यांसारखे नेम पाळलेले असतात. एका तालावर हलणारा, नेमाने बांधलेला, आपापल्या गावाची इभ्रत खांद्यावर घेऊन आलेला समूह, असे जर संघाचे वर्णन करायचे असेल तर त्याला ‘गेर’ याहून नेमके नाव मराठी मुलखात सापडणे कठीण आहे. तरीही ते नाव जर्सीवर छापण्याआधी पालनी करणाऱ्यांना विचारले पाहिजे, कारण हरलेल्या संघावर प्रेक्षक जे शब्द फेकतात ते शब्द नवसाच्या नावाला लागलेले त्यांना चालतील की नाही, हे दुसऱ्या कोणी ठरवण्यासारखे नाही.

विचारण्याची ही रीत जगात अन्यत्र उशिरा का होईना रुजते आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडचा बेसबॉल संघ १९१५ पासून ‘इंडियन्स’ म्हणवत होता आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या अनेक दशकांच्या निषेधानंतर २०२१ मध्ये त्याने ‘गार्डियन्स’ हे नवे नाव जाहीर केले. हे नाव शहरातल्या एका पुलावर १९३२ पासून उभ्या असलेल्या रक्षकमूर्तींवरून घेतलेले आहे, म्हणजे ज्या पुलावरून लोक मैदानाकडे येतात त्याच पुलाने संघाला नाव पुरवले. याउलट फ्लोरिडा राज्य विद्यापीठाचे संघ ‘सेमिनोल्स’ हे जमातीचे नाव आजही लावतात, कारण फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीच्या परिषदेने २००५ मध्ये तशी संमती ठरावाने दिली. दोन्ही निर्णय परस्परविरुद्ध आहेत आणि दोन्ही योग्य आहेत. कलकत्त्यात १९२० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट बंगाल क्लबची गोष्ट आणखी वेगळी आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालचे घर सुटलेल्या लाखो निर्वासितांना त्या फुटबॉल संघाच्या नावात आपला गेलेला मुलूख सापडला, आणि नकाशावरून पुसलेली जागा दर आठवड्याला मैदानात उतरू लागली. नंदुरबार जिल्ह्याला हे उदाहरण परके वाटू नये. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, ती सगळी याच जिल्ह्यातली. त्यांतले पाण्याखाली जाणारे मणिबेली हे पहिले. या गावांतल्या काही कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या तळोदा तालुक्यातल्या रोझवा, सोमावल यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत वाढल्या, आणि नर्मदा खोऱ्यातल्या जीवनशाळांच्या, म्हणजे धरणबाधित आदिवासी मुलांसाठीच्या शाळांच्या, बालमेळाव्यांत मुले दरवर्षी खेळतात, धावतात. मणिबेलीच्या नावाचा संघ उद्या जिल्हा स्पर्धेत उतरला तर त्याला वेगळे बोधचिन्ह लागणार नाही.

शहराच्या वारशात हुतात्मा शिरीषकुमार मेहता आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा मारले गेले. ही आडनावे नुसती वाचली तरी त्या वेळच्या शहराची घडण समजते. शिरीषकुमारचे नाव स्मारकाला, शाळांना, चौकांना आहेच. संघाला ते द्यावे का, यावर मतभेद संभवतात, आणि हुतात्म्याच्या वयाची मुले जिथे खेळतात त्या शालेय स्पर्धेच्या करंडकाला ते अधिक शोभेल, असे वाटते.

सगळ्यांना आपले वाटेल अशा नावाचा पेच एका सहकारी साखर कारखान्याने फार पूर्वी सरळपणे सोडवला होता. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर येथे उभ्या राहिलेल्या कारखान्याचे नाव ‘सातपुडा तापी परिसर’ असे ठेवले गेले; डोंगर आणि नदी यांवर कोणत्याही एका जातीचा, बोलीचा किंवा देवाचा हक्क नसतो, आणि ज्याला ज्या बाजूने यायचे त्याने त्या बाजूने त्या नावात यावे. जिल्ह्याच्या संघासाठी हीच रीत सर्वांत सुरक्षित आहे, फक्त कारखान्याच्या नावात जी लांबी खपते ती चढाईच्या वेळी ओरडायला जड जाते. प्रेक्षकांच्या आरोळीत दोन किंवा तीन अक्षरे बसतात. त्या दृष्टीने अक्राणी महालातला अस्तंबा विचारात घेण्यासारखा आहे. सुमारे १,३२५ मीटर उंचीच्या या शिखरावर दिवाळीत यात्रा भरते. खानदेशच्या सपाटीवरचे, गुजरातचे आणि मध्य प्रदेशचे यात्रेकरू डोंगरातल्या आदिवासींसोबत रात्रभर चढतात, आणि अश्वत्थाम्याचे ते स्थान मानले जाते. कपाळावरची न भरणारी जखम घेऊन फिरणारा चिरंजीव बोधचिन्हाला भारी पडेल, हा आक्षेप खरा आहे. पण संघाचे नाव अश्वत्थामा ठेवायचे नसून अस्तंबा ठेवायचे आहे. पुराणातल्या पुरुषाचे नाव इथल्या जिभांनी घोळवून घोळवून डोंगराचे करून टाकले आहे, आणि तो डोंगर शहाद्याच्या व्यापाऱ्यालाही ओळखीचा आहे आणि धडगावच्या मेंढपाळालाही.

नाव निवडण्याचे हे काम क्रीडा कार्यालयाच्या बैठकीपेक्षा आश्रमशाळांच्या, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांच्या, वार्षिक क्रीडा स्पर्धांत व्हायला हवे, कारण नंदुरबार आणि तळोदा या दोन्ही प्रकल्पांतली मुले तिथे आपापल्या गावाच्या शाळेच्या नावाने खेळतात आणि गावाचे नाव किती जोराने घेता येते, हे त्यांना चांगले माहीत असते. चार-पाच नावे त्यांच्यापुढे ठेवावीत, आणि भिली, पावरी, मावची व अहिराणी बोलणाऱ्या मुलांनी ती मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडून पाहावीत. जे नाव जिभेवर अडेल ते गाळावे. त्यांतल्या काहींनी तहर हेच नाव ठेवायचे म्हटले, तर त्यांना तो प्राणी एकदा चित्रात तरी दाखवावा आणि मग त्यांचे ऐकावे.